जागा नव्हती

भास्कर गेल्याचं मला त्याच्याच कवितेखाली कळलं. शाळेत जायची गडबड होती, एका हातात चहाचा कप होता. आमच्या साहित्य मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी ‘पाणी’ टाकलेली दिसली. त्यात नवल काही नव्हतं. बदलापुरात नदी जरा फुगली की ती कविता फिरायला लागते. कोणी तिच्यामागे ढगांचं चित्र लावतं, कोणी होडीचं. अंगठ्यानं पुढे सरकवणार, तेवढ्यात शेवटच्या ओळीखाली त्याच्या नावाआधी एक शब्द जास्तीचा दिसला. कालकथित. मी तो दोनदा वाचला… आणि मग, सांगायला लाज वाटते, परत वर जाऊन मी कविता वाचली. माणूस गेला होता आणि मी ओळी तपासत होतो. कोणी त्या बदलल्या तर नाहीत ना, एवढंच बघत होतो.

पाणी आलं
की आधी स्टो उचलायचा.
मग तांदळाचा डबा.
मग रेशनकार्डाची पिशवी.
मग भिंतीवरचा फोटो.
माणसं
आपापली चढतात.

बदललेल्या नव्हत्या. दुपारी बदलापुरातच मांजर्लीला त्याच्या घरी पोचलो, तर नाक्यावर फ्लेक्सही लागला होता. भास्करचा कुठल्याशा संमेलनातला फोटो, गळ्यात शाल, आणि शेजारी ह्याच ओळी. ‘माणसं’ हा शब्द एका ओळीत एकटा. लोक फोटोकडे बघून हात जोडत होते. मी त्या एकट्या शब्दाकडे बघत उभा होतो. शब्द सगळे भास्करचे आहेत, त्यातला एकही माझा नाही. पण ती कविता भास्करनं लिहिलेली नाही. त्यानं गोष्ट लिहिली होती. त्या गोष्टीतल्या एका परिच्छेदाच्या ओळी मी पेन्सिलीनं तोडल्या आणि त्याच्या नावानं कविता म्हणून छापल्या. हे आजवर दोघांना माहीत होतं. आता एकालाच माहीत आहे, आणि महिनाभर प्रयत्न करून बघितला, एकट्याला ते पेलत नाही.

मी राहतो बदलापुरात आणि अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवतो. माझे दोन कथासंग्रह आहेत. ते कोणी वाचले असतील तर माझ्या कानावर आलेलं नाही. भास्कर उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. कापडाचे चाळीस-पन्नास थर एकावर एक टाकून त्यावर खडूनं रेघा ओढायच्या आणि मशीन चालवायचं, हे त्याचं काम. बोटांना निळा रंग कायमचा. अंबरनाथच्या एका कविसंमेलनात आमची ओळख झाली तेव्हा मी मास्तर आहे म्हटल्यावर तो म्हणाला होता, ‘मीपण मास्टरच. खडू तुझ्याही हातात, माझ्याही. तुझं चुकलं तर तू डस्टर फिरवणार. माझं चुकलं तर पन्नास पँटी गेल्या.’ त्या दिवसापासून मला तो ‘गुरुजी’ म्हणायला लागला, ते शेवटपर्यंत. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे त्यालाच माहीत.

आमचा अड्डा उल्हासनगरातल्या एका छापखान्यात असायचा. मालक सिंधी. त्यांना सगळे साईंच म्हणायचे, आम्हीही. मंडळाचा दिवाळी अंक तिथे छापला जायचा आणि संपादक मी होतो. भास्कर कारखान्यातून सुटला की तिथे यायचा, साईं चहा मागवायचे, आणि मग आमचा ठरलेला वाद सुरू व्हायचा. कवीला गोष्ट लिहिता येते का? आणि गोष्टवाल्याला कविता? माझं मत पक्कं होतं. मी म्हणायचो, ‘कवीला धीर नसतो रे. तो एका ओळीत घरी पोचतो. पुढची बारा पानं काय करणार?’ भास्कर म्हणायचा, ‘आणि तुम्ही कथावाले बारा पानं चालता, तरी घर सापडत नाही!’ मी चिडायचो. चिडून मोठमोठे शब्द वापरायचो. एकदा साईं कागद मोजता मोजता म्हणाले, ‘अरे दोनों लिखो ना बाबा, किसने रोका है? चाय ठंडी हो रही है.’ भास्कर केवढ्यानं हसला होता. ‘गुरुजींनी रोखलंय, साईं. परमिट त्यांच्याकडे आहे.’

ही नुसती थट्टा नव्हती हे मला एका दुपारी कळलं. भास्कर शाळेत आला. शाळेत तो कधी येत नसे. फाटकाशीच उभा राहिला, पिशवीतून एक जाड वही काढली आणि म्हणाला, ‘वाच. बारा पानं चाललोय. घर लागलं का सांग.’ आणि थांबलाच नाही. मी ती मधल्या सुट्टीत उघडली आणि पुढचा तास बुडवला. गोष्ट साधी होती. नदीकाठची चाळ, एक सासू, नवी आलेली सून, आणि पाणी वाढतंय. त्यात सासू सुनेला शिकवते, ‘पाणी आलं की आधी स्टो उचलायचा, मग तांदळाचा डबा, मग रेशनकार्डाची पिशवी, मग भिंतीवरचा फोटो. माणसं आपापली चढतात.’ आणि तिथे गोष्ट थांबत नाही. सून लगेच उत्तर देते, ‘आणि तुम्ही वो आई? गुडघ्यांना सांगून ठेवलंय का चढायला? स्टो राहू द्या खाली. आधी तुम्हाला पाठीवर टाकते.’ म्हातारी एवढी हसते की तोंडातली मिश्री सुनेच्या नव्या लुगड्यावर उडते.

वाचून मी वही मिटली आणि खिडकीतून मैदानाकडे बघत बसलो. मला आनंद व्हायला हवा होता. मित्र होता तो. पण मला जे झालं ते मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला भीती वाटली. तेव्हा दहा वर्षं मी कथा लिहीत होतो, माझी माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. एक बोलतो आणि बाकीचे माझ्यासारखे ऐकत बसतात. ह्या कटिंग मास्टरनं पहिल्याच फटक्यात समोरच्याला उत्तर द्यायला लावलं. कवितेत एकटा बोलला तरी चालतं. गोष्टीत कोणीतरी उलटून बोलावं लागतं, हे मी वर्गात शिकवतो. त्याला ते कोणी शिकवलं नव्हतं.

त्याला मी सांगितलं, ‘बरी आहे. थोडी कवितेकडे जाते.’ तो म्हणाला, ‘जाते का?’ एवढंच. त्या वर्षीचा अंक छपाईला गेला आणि आयत्या वेळी साईंचा निरोप आला. छापखान्यात गेलो तर ते म्हणाले, ‘गुरुजी, जाहिरातवाले भाग गये. बारह पन्ने खाली हैं. कुछ है तो दो, नहीं तो पतला निकालता हूँ.’ बारा पानं. भास्करची गोष्ट छापली तर बरोबर बारा पानांची झाली असती. वही माझ्या पिशवीत होती. मी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली ती माझी कथा. ती अकरा पानांची होती. मग एक पान उरलं. त्या एका पानासाठी मी भास्करची वही उघडली, पेन्सिल घेतली, आणि सासूचं बोलणं ओळी-ओळींत तोडलं. ‘माणसं’पाशी हात थांबला. तो शब्द मी एकटा ठेवला. मला ते फार आवडलं, हेही खोटं कशाला सांगू. सुनेचं उत्तर गाळलं. ते असतं तर ती कविता झाली नसती.

अंक हातात आल्यावर भास्करनं आधी ते पान बघितलं, मग माझ्या कथेची पानं भराभर उलटली, मग परत ते पान. छापखान्यातली यंत्रं चालू होती म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. ‘हे काय रे गुरुजी?’

‘जागा नव्हती रे,’ मी म्हणालो. ‘एकच पान होतं. म्हटलं, तुझं काहीच नसण्यापेक्षा…’

‘आणि सून?’

‘पुढच्या अंकात अख्खी गोष्ट घेऊ ना.’

त्यानं अंक मिटला. मग म्हणाला, ‘शिलाई चुकली तर उसवता येते. कटिंग उसवता येत नाही.’ आणि लगेच हसला, जणू कारखान्यातली गंमत सांगितली. साईंनी चहा मागवला. आम्ही तो प्यायलो.

पुढचा अंक यायच्या आतच तो मोठा पूर आला. मांजर्लीतली तळमजल्याची घरं गेली, माझ्याही घरात छातीएवढं पाणी होतं. आणि पाणी उतरल्यावर कोणालातरी आमच्या अंकातली ती कविता आठवली. एका वर्तमानपत्रात ती चौकटीत आली, मग दुसऱ्यात. नदीकाठच्या कवीला पूर आधीच दिसला होता, असं लोक म्हणायला लागले. भास्करला बोलावणी यायला लागली. त्याच गडबडीत तो माझ्या घरातला चिखल काढायला आला. दोन दिवस फावडं मारत होता. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसून त्यानं हात धुतले आणि विचारलं, ‘माझी वही?’

वही शाळेत होती. स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कोरडी ठणठणीत. मी म्हणालो, ‘गेली रे. पुस्तकांबरोबर.’

त्यानं चिखलाच्या ढिगाकडे बघितलं. मी घाईघाईनं म्हणालो, ‘परत लिही ना.’

‘गोष्ट परत नाही येत गुरुजी,’ तो म्हणाला. ‘कविता पाठ असते. गोष्ट कोणाला पाठ असते?’

ह्या दुसऱ्या खोट्याचं कारण मत्सर तरी होता की नाही, मला सांगता येत नाही. कविता गाजायला लागली होती. गोष्ट बाहेर आली असती तर मी काय केलं ते जगाला दिसलं असतं. मी भास्करला नाही, स्वतःला वाचवलं, आणि त्यासाठी त्याची बारा पानं बुडाली असं सांगितलं. भास्करनं पुन्हा गोष्ट लिहिली नाही. त्याचे दोन कवितासंग्रह आले. चांगले आहेत. सभेत कोणी विचारलंच तर म्हणायचा, ‘गोष्टीचं दुकान गुरुजींचं. आपण कवितेची टपरी.’ लोक हसायचे. मीही हसायचो.

एकदा बदलापुरात एका परिसंवादात एक नामवंत समीक्षक ‘पाणी’वर बोलले. ते म्हणाले, ‘माणसं ह्या शब्दानंतरचा जो थांबा आहे ना, खरा कवी तिथे आहे. हा थांबा कथाकाराला सुचणं शक्य नाही.’ टाळ्या पडल्या. भास्कर मंचावर होता. त्यानं मान वळवून मला शोधलं आणि एक भुवई उडवली. परत येताना रिक्षात म्हणाला, ‘काय गुरुजी, तुझा थांबा हिट झाला.’

‘सांगून टाकायचं होतंस,’ मी म्हणालो.

‘काय सांगू? आयुष्यभर पँटी कापल्या. मला कोणी स्टेजवर बोलावलं होतं का? आता बोलावतात तर मी कशाला बोंबलू, की ही माझी नाही?’ मग रस्त्याकडे बघत, ‘पण तुझी एक कविता झाली बघ. एवढी वर्षं म्हणत होतास ना, कथाकाराला जमत नाही…’

त्यानंतर मी खरंच कविता लिहायचा प्रयत्न केला. कोणाला दाखवल्या नाहीत. तोडलेल्या ओळीच होत्या त्या. तोडायला आत काही नव्हतं. माझ्या हातून एकच कविता झाली आणि ती मी दुसऱ्याच्या गोष्टीतून कापली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली ती म्हणायच्या, वक्तृत्व स्पर्धेत मुलं तिनं शेवट करायची, आणि दर वेळी ‘माणसं’नंतर सगळी न चुकता थांबायची. त्या थांब्यात मला सुनेचं उत्तर ऐकू यायचं. अजून येतं. वर्गात फळ्याकडे तोंड असताना, शाळा सुटल्यावर रिकाम्या बाकांवरून, ‘आणि तुम्ही वो आई?’… मागे वळलो की कोणी नसतं.

शेवटी भेटलो ते त्याच्या घरी. श्वासाचा त्रास फार वाढला होता, पाठीला उश्या लावून बसला होता. वहिनी आत होत्या. नळाच्या वेळेबद्दल, शाळेबद्दल बोलणं झालं. मग तो म्हणाला, ‘गुरुजी, एक विचारू? तेव्हा खरंच जागा नव्हती ना रे?’

वीस-बावीस वर्षांनी. मी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं होतं की आता खरं येईल.

‘नव्हती रे,’ मी म्हणालो.

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. त्याला ते खरंच पटलं, की सगळं माहीत असून त्यानं मला सोडून दिलं… हे मला आता कधीच कळणार नाही. आठ दिवसांनी ग्रुपवर कविता आली.

शोकसभेत एका तरुण कवयित्रीनं ‘पाणी’ फार सुंदर म्हटली. वहिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. सभा संपल्यावर मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, ‘छान म्हणाली पोरगी. पण भावजी, खरं सांगू? मला ती कविता कधीच आवडली नाही. सासूबाई असं म्हणाल्या होत्या, खरंय. पण मी त्यांना काय म्हणाले, ते ह्यांनी सोडूनच दिलं. आणि त्या मोठ्या पुरात हे कारखान्यात अडकलेले. मी सासूबाईंना पाठीवर घेऊन शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढले. दोन दिवस पाठ वाकत नव्हती माझी. आणि सगळं गाव म्हणत फिरतंय, माणसं आपापली चढतात.’ त्या हसल्या. ‘ह्यांना कधी विचारलं नाही मी. म्हटलं, कवितेत बसत नसेल आपलं बोलणं.’

मला तोवर वाटत होतं की ह्या गुन्ह्यात दोनच माणसं आहेत. कपाटातली वही मी वीस-बावीस वर्षं लपवून ठेवली ती फक्त भास्करपासून, अशी माझी समजूत होती. एक तिसरं माणूस स्वतःच्याच नवऱ्यानं आपल्याला गाळलं असं समजून त्याच्यासोबत जेवत होतं, झोपत होतं, त्याची दवा-पाण्याची वेळ सांभाळत होतं.

गेल्या रविवारी वही घेऊन मांजर्लीला गेलो. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बारा पानं, पेन्सिल, चिखल, कपाट, ‘नव्हती रे’. त्यांचे हात थांबले नाहीत. जुडी संपली, काड्या कागदात गुंडाळल्या, मग त्या म्हणाल्या, ‘म्हणजे ह्यांनी लिहिलं होतं.’

‘शब्द न् शब्द.’

‘वाईट केलंत भावजी.’

‘हो.’

‘बसा. उभे काय राहिलात? वाचा. माझा चष्मा बदलायला टाकलाय.’

मी बसलो. पहिल्या पानापासून वाचायला लागलो. सासूचं बोलणं आलं तेव्हा ‘माणसं’ म्हणून मी सवयीनं थांबलो. वहिनी म्हणाल्या, ‘थांबता काय? पुढे?’ मी पुढचं वाचलं. मिश्री उडाली तिथे त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि ‘लुगडं हिरवं होतं, ते नाही लिहिलं होय?’ असं काहीसं पुटपुटल्या. ‘हे पेपरात लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं लिहा, तुमचं पण. माझं नाव नको. ह्यांनी सूनच लिहिलंय ना, तसंच.’ मी मान हलवली. ‘वाचा.’

शेवटच्या पानांवर पाणी घरात शिरतं. सून म्हातारीला पाठीवर घेऊन जिना चढायला लागते. वर बघते तर चाळीतली एक शेळी सगळ्यांच्या आधी चढून वरच्या पायरीवर उभी आहे.

‘थांबा थांबा,’ वहिनी म्हणाल्या. ‘शेळी? आमच्या चाळीत शेळी कुठली?’

‘गोष्ट आहे वहिनी. त्यानं रचली असेल.’

‘कशाला? काय करते ती?’

मी पान जवळ धरलं. भास्करचं अक्षर, बोटांचा निळा डाग. ‘काही करत नाही. वर उभी राहून बघते.’

‘कोणाकडे?’

‘सुनेकडे.’

वहिनींनी काड्यांची पुडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, ‘अहो, ती शेळी कसली. हेच आहेत ते. घरात काही सांडो, पडो, मला दोन हात पुरेनात, की हे असेच दारात उभे राहून बघत बसायचे. हात म्हणून लावायचे नाहीत.’ त्यांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं.

‘राहू दे शेळी,’ त्या म्हणाल्या. ‘वाचा पुढे.’